होमाईंच्या फोटोंतल्या बायका कुणाच्या?

सुरसागरकाठची: यंदाच्या नवरात्राचे फोटो एका हौशी फोटोग्राफरने आमच्या ग्रुपवर टाकलेत. बेचाळीस फोटो. चोळीचे गोंडे, लटकन, पाठी! चेहरा एकीचाही धड नाही. याच बडोद्यात होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, शेवटची कित्येक वर्षं राहिल्या, २०१२ मध्ये इथेच गेल्या. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत त्यांनी जे.जे. कलाशाळेतल्या मैत्रिणींचे फोटो काढले, रेहाना मोगल त्यांतलीच. मुली आपल्याच नादात, बघणाऱ्याची पर्वा नाही. बाईने बाईचा फोटो काढला की असा येतो, हे माझं मत.

दांडियाबाजारकर: ताई, नाही पटत. जे.जे.त शिकायला मिळालं त्या मुली! त्यांना पर्वा न करणं परवडत होतं. माझ्या आजीचा तरुणपणीचा एकच फोटो आहे, त्याच सुमाराचा, रावपुऱ्यातल्या स्टुडिओतला. आजोबा खुर्चीत, ही नऊवारीत मागे उभी. खुर्चीच्या पाठीवरची तिची मूठ बघा, कशी घट्ट आवळलीय. त्या काळची बाई म्हणून मी कुणाला धरायचं?

सुरसागरकाठची: अहो, समोर काळ्या कापडात डोकं खुपसलेला परका पुरुष. मूठ आवळणारच. तुम्ही माझंच म्हणणं सांगताय.

दांडियाबाजारकर: छे हो. आजी सांगायची, नवी वहाण चावत होती.

मांडवीचा वाचक: हाहा. पण एक राहिलंच. होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या नावावर. तेव्हाच्या वाचकाला बाईची नजर कुठून कळणार? आणि १९४२ मध्ये दिल्लीला गेल्यावर त्यांनी नेहरू टिपले, माउंटबॅटन टिपले, गांधीजींची अंत्ययात्रा टिपली. साडी नेसून, कॅमेऱ्याचं ते धूड सांभाळत. १९७० मध्ये काम थांबवलं. एवढ्या कामातून मैत्रिणींचे तेवढे फोटो वेगळे काढून 'बाईची नजर' म्हणायचं, हे मला जरा सोयीचं वाटतं.

सुरसागरकाठची: नावाचा मुद्दा मान्य. सोयीचा नाही मान्य. नेहरूंचे फोटो इतरही काढत होते, वर्गातल्या पोरींचे कोण काढत होतं?

कवडी: त्या बेचाळिसांतली एक पाठ माझी आहे. कवड्यांचे गोंडे मी स्वतः ओवलेत, तीन आठवडे लागले, बोटं सोलवटली. चेहरा कुणीही काढतं, गोंडे पहिल्यांदाच कुणी नीट पाहिले. डीपीला लावलाय. विचारून काढला असता तर बरं झालं असतं, तेवढं खटकलं.

सुरसागरकाठची: मग मूळ फाइल मागून घ्या. ग्रुपवरचा फार फुटतोय.