कर्ब बंद, भूक बंद? काहीही!

तिरकस:
कर्बांवरची, म्हणजे भात-पोळी-ब्रेडमधल्या कर्बोदकांवरची, एक पोस्ट सगळीकडे फिरतेय: ‘कर्ब खाल्ले की साखर चढते, इन्सुलिन उसळतं, साखर आपटते, दोन तासांत परत भूक. कर्ब बंद करा, भूक बंद.’ आज परत कुणीतरी पाठवली, म्हणून लिहायला बसलो.

मग उकडलेल्या बटाट्याचं काय करायचं? जीआय (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचं माप) चढा, म्हणजे या हिशोबाने खाल्ल्या खाल्ल्या भूक लागायला हवी. १९९५ साली सिडनीत सुझॅना होल्ट आणि मंडळींनी ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरींचे खाऊ घालून पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं. पांढरा ब्रेड १०० धरला तर बटाटा ३२३, सगळ्यांत वर. क्रोसाँ (लोणीदार फ्रेंच पाव) ४७, तळाला. पाणी, चोथा, प्रथिनं, ताटातल्या अन्नाचं वजन, यांचंही काही आहे की नाही?

आहार-संशोधक केविन हॉल यांचा २०२१ चा प्रयोग तर आणखी नडतो. २० जण चार आठवडे प्रयोगाच्या जागीच मुक्कामाला. दोन आठवडे कमी चरबीचं, भरपूर कर्बांचं शाकाहारी जेवण, दोन आठवडे कीटो, म्हणजे अगदी कमी कर्ब आणि भरपूर चरबी. हवं तितकं खा. कर्बवाल्या जेवणानंतर साखर आणि इन्सुलिन दोन्ही चढे, तरी रोज पोटात कीटोपेक्षा सुमारे ७०० कॅलरी कमीच गेल्या. आता बोला.

शून्यसाखर:
बोलतो. ती पोस्ट माझीच. दुसऱ्या आठवड्यात कीटोवाल्यांचंही खाणं उतरलं होतं, ते सोयीस्कर गाळलंत. माझं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.९ वरून ६.१ वर आलं. पूर्वी सकाळी अकराला हात थरथरायचे, डबा उघडेपर्यंत दम निघायचा नाही. आता दुपार उलटली तरी खाण्याची आठवण होत नाही. तुमचा बटाटा तुम्हाला लखलाभ.

काठावरची:
दोघंही अर्धंच सांगताय. २०२१ मध्येच प्रेडिक्ट नावाच्या आहार-अभ्यासाचा पेपर आला. जेवणानंतर साखर किती चढली याचा भुकेशी फारसा मेळ लागला नाही. दोन-तीन तासांनी ती मूळ पातळीच्या किती खाली गेली, याचा लागला. बुडी मोठी असणारे लवकर आणि जास्त खातात. सगळ्यांची बुडी सारखी नसते.

जाता जाता: मी दंडाला साखर सतत मोजणारा सेन्सर लावलाय. ओट्सने १६५ पर्यंत नेलं, आइस्क्रीमने फक्त १३०. ओट्स बंद!

इन्सुलिनवाली आई:
मधुमेह आहे का तुम्हाला? नसेल तर हे कशाला? आइस्क्रीममधल्या चरबीने पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून आलेख सपाट दिसतो. म्हणजे आइस्क्रीम पथ्याचं झालं का? माझ्या मुलाला टाइप १ आहे, इन्सुलिन टोचावंच लागतं तो मधुमेह. मध्यंतरी सेन्सर कुठे मिळेना, आणि इथे लोक हौसेने दंडावर मिरवताहेत.

काठावरची:
माझ्या पैशांनी घेतलाय. घरात मधुमेह आहे, माझं एचबीए१सी ५.८. हातावर हात धरून बसू?

इन्सुलिनवाली आई:
बसू नका, पण एकेका आकड्याच्या मागेही धावू नका. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींच्या भोवतीच्या पाण्यातली मोजतो, आणि रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. पोरगा सेन्सरच्या कुशीवर झोपला की रात्री त्याचा भोंगा: ५६. दिवा लावायचा, त्याचं बोट टोचायचं, तर ९८! झोपेत दंड दाबला गेलेला. तेच ओट्स उद्या खाल्लेत तर आकडा वेगळा येईल.

काठावरची:
सगळ्यांनाच मूर्ख समजता का तुम्ही?

टोचणीबहाद्दर:
बायांनो, भांडा नंतर. शून्यसाखर, पोस्टमध्ये गोळ्यांचा शब्द नाही! माझा मेव्हणा ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीवर. असंच काहीतरी वाचून भात-ब्रेड सोडला, गोळी तेवढीच ठेवली. बाथरूममध्ये कोसळला, साखर ४१. आणि डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची दुसरी गोळी चालू असताना कीटो केलं तर साखर फारशी न चढताही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचून जिवावर बेतणारा प्रकार, होऊ शकतो. हे कोण लिहिणार?

शून्यसाखर:
तुमच्या मेव्हण्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही, त्याचं खापर माझ्या डोक्यावर? बरं, टाकतो ओळ: ‘गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी विचारा.’ झालं समाधान?

तिरकस:
कर्ब कमी केल्याने मधुमेहात साखर उतरते, याला आक्षेप नव्हताच. आक्षेप ‘भूक बंद’ला. स्टॅनफर्डच्या गार्डनर यांनी २०१८ मध्ये ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला. वजनातली घट: कमी चरबीवाले ५.३ किलो, कमी कर्बवाले ६.०. फरक दखल घेण्याजोगा नाही.

शून्यसाखर:
६.० मोठा की ५.३? तुम्हीच सांगा, आकडे तुमचेच आहेत.

काठावरची:
मग मी ओट्स खायचे की नाही?

इन्सुलिनवाली आई:
खा. आधी अंडं, मग ओट्स. बहुतेकांना चढ कमी येतो. आणि सेन्सरची मुदत संपली की दुसरा नका आणू.

काठावरची:
दुसरा आणलाय ऑलरेडी.