आयईपीचा ड्राफ्ट एआयकडून मराठीत करून घेतलाय. मीटिंगला जाताना त्यावर किती विसंबू?

उंबरठा:

नमस्कार मंडळी. मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत, अमेरिकेतल्या सरकारी शाळेत. बोलायला उशिरा लागला, आता वाचन अडतंय. गेल्या वर्षी पहिला आयईपी झाला, म्हणजे विशेष मदत लागणाऱ्या मुलासाठी शाळा बनवते तो वैयक्तिक शिक्षण आराखडा. टेबलाभोवती सात माणसं, सगळी गोड बोलणारी. पाऊण तासात उरकलं, आम्ही सह्या केल्या. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे नक्की काय ठरलं?" मला सांगता येईना. दोघंही दिवसभर इंग्रजीतच काम करतो, बरं का. पण हे इंग्रजी वेगळंच आहे.

या वर्षीचा ड्राफ्ट 27 पानांचा आलाय आणि पुढच्या गुरुवारी मीटिंग आहे. शाळेतून आल्यावर चार तास तो सासूबाईंकडे असतो. गृहपाठ, गोष्टीचं पुस्तक, सगळं त्याच बघतात. परवा म्हणाल्या, "त्याच्याबद्दल एवढं काय काय लिहिलंय, ते मला कुणी सांगाल का?" म्हणून रात्री बसून सगळा ड्राफ्ट एआयला दिला आणि सोप्या मराठीत मागितला.

मराठी इतकं सुरेख आलं की मी खूश. सकाळी सासूबाईंनी चष्मा लावून वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच पानावर थांबल्या. "सोळा टक्के? अगं, इतका काही वाईट नाहीये तो."

मूळ कागद काढून बघितला तर तिथे 16वा पर्सेंटाइल होता! म्हणजे त्याच्या वयाची 100 मुलं ओळीत उभी केली तर साधारण 16 त्याच्या बरोबरीला किंवा मागे. शेजारीच स्टँडर्ड स्कोअर 85 लिहिलेला. त्या मापात सरासरी 100 असते आणि 15 हे एक प्रमाण विचलन (गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरतात त्याचं माप), म्हणजे 85 हा सरासरीच्या खालच्या काठावरचा आकडा झाला. एआयनं त्याचे "16 टक्के गुण" करून टाकले. आजीच्या डोक्यात नातू नापास.

मग मी विचारलं, "हा आयईपी चांगला आहे का?" उत्तर आलं, अतिशय सर्वसमावेशक आणि बालककेंद्री आहे. नवीन चॅट उघडून तोच ड्राफ्ट दिला आणि लिहिलं की शाळा कमी सेवा देतेय असं मला वाटतं. लगेच शाळेच्या नावे कडक पत्र तयार, "कायद्यानुसार 30 दिवसांत सेवा वाढवणे बंधनकारक आहे" अशा वाक्यासकट. नंदीबैल! ढोलकी जशी वाजेल तशी मान.

तर प्रश्न असा, की याचा नीट उपयोग कसा करून घ्यायचा? एवढा खासगी कागद असा देणं बरोबर आहे का? आणि गुरुवारी काय विचारू?

खडूफळा:

मी इथल्या सरकारी शाळेत स्पेशल एज्युकेशन शिकवते, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या सात जणांपैकी एक समजा.

उंबरठाताई, पहिल्या पानापासून वाचू नका. सेवांचा तक्ता शोधा आणि तिथून सुरुवात करा. बाकी 26 पानं वर्णन आहे, मुलाला प्रत्यक्षात काय मिळणार ते त्या तक्त्यात असतं. एआयला सगळा ड्राफ्ट एकदम देऊन "सारांश दे" म्हणू नका. एकेक ओळ द्या: सेवा कोणती, किती मिनिटं, आठवड्याला की महिन्याला, वर्गात की वर्गाबाहेर, कोण देणार. प्रत्येक उत्तरासोबत पान क्रमांक आणि मूळ इंग्रजी ओळ मागा, आणि कागदात नसेल तर "नाही" असंच सांग, असं बजावा. मग ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

त्या 30 दिवसांबद्दल. विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात, म्हणजे आयडीईएत, 30 दिवस आहेत खरे. पण ते मूल सेवेसाठी पात्र ठरल्यापासून पहिला आयईपी बनवण्याची मीटिंग घेण्यासाठी. सेवा वाढवण्याशी त्यांचा संबंध नाही. एआयच्या चुका बहुतेक अशाच असतात, नियम खरा आणि जागा भलती. म्हणूनच त्या पटकन पकडता येत नाहीत.

एक काम मात्र ते छान करतं. गेल्या वर्षीची आणि या वर्षीची उद्दिष्टं शेजारी शेजारी ठेवून काय बदललं ते विचारा. फक्त तारीख बदललेली उद्दिष्टं मी आमच्याच शाळेत पाहिली आहेत. (कुणी लिहिली होती ते विचारू नका.)

आणि तुमची एखादी मागणी शाळेनं नाकारली तर कारणासह लेखी नोटीस मागा. आमच्याकडे तिला प्रायर रिटन नोटिस म्हणतात. भांडायची गरज नाही, एवढे तीन शब्द पुरतात.

उंबरठा:

खडूफळाताई, तक्ता काढला. स्पीचच्या ओळीत लिहिलंय: 30 मिनिटं, महिन्यातून एकदा, कन्सल्ट. एआयनं मराठीत दिलं होतं, "महिन्याला 30 मिनिटे वाचा-उपचार मिळेल." गेल्या वर्षी आठवड्याला 30 मिनिटं होती. ही कपात आहे एवढं कळलं, पण कन्सल्ट म्हणजे काय?

खडूफळा:

कन्सल्ट म्हणजे थेरपिस्ट आणि वर्गशिक्षक आपसात बोलणार. त्या अर्ध्या तासात मूल खोलीतही नसतं. "मिळेल" हे क्रियापद एआयच्या पदरचं आहे. म्हणजे ही नुसती कपात नाही, थेट थेरपी बंद झाली आहे. कधी कधी ते योग्यही असतं. पण का, आणि कुठल्या नोंदींवरून, हे विचारल्याशिवाय उठू नका.

बंडूचाबाप:

खासगीपणाचं मी सांगतो, हात पोळलेत. फर्पा नावाचा 1974चा कायदा मुलांच्या शालेय नोंदी जपतो, पण तो बांधतो शाळेला. तुम्ही आपल्या हातानं चॅटबॉटला दिलेल्या कागदावर तो येत नाही. म्हणून नाव, जन्मतारीख, विद्यार्थी क्रमांक, शाळेचं नाव, शिक्षकांची नावं काढून मगच द्या. मी पहिल्या पानावरून सगळं काढलं आणि निर्धास्त झालो. नाव प्रत्येक पानाच्या डोक्यावर होतं. आणि फाइलच्या नावातही! आता हवा तेवढा भागच कॉपी करतो आणि मुलाला बंडू म्हणतो. आमचे बोलणे प्रशिक्षणासाठी वापरू नका अशी सेटिंग असते, तीही बघून घ्या.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. आयईपीत खुणांच्या चौकटी फार. उन्हाळ्याच्या सुट्टीतही सेवा चालू ठेवायची का, याच्या हो आणि नाही अशा दोन चौकटी असतात. मजकूर कॉपी केला की खूण गळून पडते आणि दोन्ही शब्द राहतात. एआयनं मला बिनदिक्कत सांगितलं की उन्हाळी सेवा मंजूर आहे. मूळ कागदावर "नाही"वर टिक होती. आम्ही गावी जायची तिकिटं पुढे ढकलायला निघालो होतो.

स्पीचवाली:

मी स्पीच थेरपिस्ट आहे. उंबरठा, तुमच्या ड्राफ्टमध्ये उच्चारांच्या चुकांची यादी आहे का? त्यात "थ्री"चा पहिला आवाज किंवा व्हेस्ट-वेस्टची गल्लत आहे का बघा.

इंग्रजी थ्रीच्या सुरुवातीला जीभ दातांमधून जरा बाहेर येते आणि हवा घासत जाते. आपल्या थ-मध्ये जीभ दातांना टेकते आणि सुटते. आणि व्ही-डब्ल्यूचा फरक मराठीत नाहीच, आपल्याला एकच व. घरी मराठी ऐकणारं मूल हे आवाज आपल्या पद्धतीनं काढणार. तो भाषेचा ठसा झाला, दोष नव्हे. पण "स"च्या जागी "त" येत असेल, "साप"चा "ताप" होत असेल आणि तोही दोन्ही भाषांत, तर मात्र काम हवं. कायदाही सांगतो की केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला पात्र ठरवायचं नाही.

घरी मराठी बोलतो हे तुम्ही एआयला सांगितलं नसेल तर ते त्या यादीकडे इंग्रजी घरातल्या मुलाची यादी म्हणूनच बघणार. आणि घरी फक्त इंग्रजी बोला असा सल्ला त्यानं दिला, किंवा माणसानं दिला, तर सोडून द्या. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं मागे पडत नाही. आजींना बिनधास्त मराठीत गोष्टी सांगू द्या.

उंबरठा:

अहो, यादीत सहा आवाज आहेत आणि त्यातले दोन हेच! राहिलेले चार आज त्याच्याकडून मराठी शब्दांत म्हणवून घेते.

जुनाखोंड:

पूर्वी आम्ही या भानगडीत माणसांना विचारायचो. प्रत्येक राज्यात केंद्राच्या पैशावर चालणारं निदान एक पालक प्रशिक्षण आणि माहिती केंद्र असतं. फोन करा, फुकट आहे. तिथली बाई अशा शेकडो मीटिंगांना बसलेली असते आणि तुमच्या राज्याचे नियम तिला पाठ असतात. ते यंत्र 50 राज्यांची खिचडी करतं.

आणि आजींना न्या की मीटिंगला! मुलाची माहिती असलेली व्यक्ती सोबत नेण्याचा हक्क पालकांना आहे. चार तास रोज सांभाळणाऱ्या बाईला जास्त माहिती असणार की वर्षातून दोनदा तपासणाऱ्याला?

उंबरठा:

गुरुवार झाला. जरा लांबलचक लिहिते.

सासूबाई आल्या, कांजिवरम नेसून. मी आधीच कळवलं होतं, कुणी हरकत घेतली नाही. मी सोबत एकच पान नेलं होतं, एका बाजूला त्यांची इंग्रजी ओळ, दुसऱ्या बाजूला माझा प्रश्न. एआयचं मराठी भाषांतर घरीच ठेवलं.

स्पीचच्या ओळीवर मी विचारलं, "या 30 मिनिटांत माझा मुलगा खोलीत असेल का?" क्षणभर सगळे कागदात बघायला लागले. मग थेरपिस्ट म्हणाल्या, नाही. का बदललं? तर गेल्या वर्षीचं उद्दिष्ट पूर्ण झालं म्हणून. नोंदी दाखवा म्हटलं तर शेवटची नोंद फेब्रुवारीतली. त्या ओळीचा निकाल त्या दिवशी लागला नाही, पण नव्या नोंदी घेऊन तीन आठवड्यांनी पुन्हा बसायचं ठरलं. तोवर आठवड्याची 30 मिनिटं चालू, तेही लेखी. थ आणि व यादीतून गेले. स्पीचवाली, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

मग वाचनाच्या शिक्षिकेनं विचारलं, घरी वाचताना काय दिसतं? मी काहीतरी सांगायला लागले तर सासूबाई मध्येच मराठीत बोलल्या. "त्याला अक्षरं येतात. तो ओळ सोडतो. तिसऱ्या ओळीवरून थेट पाचव्या ओळीवर जातो आणि मग अर्थ लागेना की चिडतो. खाली पट्टी धरली की सरळ वाचतो." मी इंग्रजीत सांगितलं. शिक्षिकेनं पेन काढलं आणि आणखी दोन प्रश्न थेट त्यांनाच विचारले. मला नाही. नवरा हसायला लागला.

काल सुधारित ड्राफ्ट आला. वर्गातल्या सवलतींत एक नवी ओळ आहे, रीडिंग गाइड. सवयीनं तेवढं पान एआयला दिलं, मुलाचं नाव काढून. सासूबाईंनी मराठी वाचलं आणि काळजीत पडल्या, "हे 'वाचन मार्गदर्शक' कोण? आपल्या घरी येणार का ते?"

म्हटलं, आई, ती तुमची पट्टी आहे.