एकदाच भेटलेली माणसं: तुमची कोण?

शहापूरकरीण
काल दिवाळी अंकातली एक कथा वाचली. रात्रीच्या गाडीसाठी खोळंबलेल्या दोन बायका, गप्पा रंगतात, नाव विचारायचं राहून जातं. इथवर झकास. पण शेवटी लेखकानं दोघींना एका लग्नाच्या पंगतीत शेजारी आणून बसवलंय. तिथं माझं बिनसलं. अशी माणसं परत भेटतात होय?

मला निपाणी स्टँड आठवलं. ऑगस्ट २०१९. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर, कोल्हापूरच्या गाड्या बंद. मी माहेरी निघालेलो, त्यात चपलेचा अंगठा तुटला. बाकावर इरकलीतली एक म्हातारी. "कुंद्री" म्हणाली आणि गाठोडं सरकवलं. माझं कन्नड भाजीबाजारापुरतं, तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिनं बांगड्यांत अडकवलेली पिन काढली, माझी चप्पल सरळ मांडीवर घेतली (मला मेल्याहून मेल्यासारखं), पिन आरपार घालून वाकवली. मग कडक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर, वर कारळ्याची चटणी. चिकोडीची गाडी लागली तशी उठून गेली. मागं वळूनपण बघितलं नाही.

पिन शिवणाच्या डब्यात आहे. गंजलीय.

तुमची कोण? लिहा.

पुणेरी जावई
'निघालेलो'? ताई की दादा?

तिसरं गेट
जावईबापू, आमच्या बेळगावाकडं बायकापण 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. सासरवाडीला येऊन नुसता कुंदाच खाल्ला काय?

पुणेरी जावई
खाल्ला की. पाव किलो सांगितला तर सासऱ्यांनी दोन किलो बांधून दिला. तांबूस असतो तोच खरा ना?

तिसरं गेट
दूध-खवा आटवत आटवत तांबूस होतोय तो. रंगावर जाऊ नका, हाताला तूप लागतंय का बघा.

खानापूरचा पाऊस
कथा वाचली नाही, पण शेवट बरोबर वाटतोय. भेटतात की! सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्षातल्या पुनवेला आज्जी चुकली. भंडारा विकणाऱ्या एका पोरानं तिला पाठंगुळी घेऊन आमच्या गाडीपर्यंत आणून सोडलं. आज्जी त्याच्या पाठीवर बसून त्यालाच रागवायलीय, हळू चाल म्हणून. तीन वर्षांनी परत गेलो तर तोच पोरगा, तीच पाटी, मिसरूड फुटलेलं. आईला बघून म्हणतोय, "आज्जी बरी हाय न्हवं?" आज्जी तोवर गेली होती. आई म्हणाली, "बरी हाय." आणि भंडारा घेतला किलोभर. एवढा कशाला, म्हणून कोणी विचारलं नाही.

शहापूरकरीण
काय लिहिलंय वो. पण बघा, तुमच्या आईनं खरं सांगितलं नाही म्हणूनच ती भेट खरी वाटतीय. कथेत दोघी गळ्यात पडून रडतात.

अथणीची सून
माझी आई बांगडीत चार पिना ठेवायची, वर एक सुई दोऱ्यासकट. कॉलेजात असताना लाज वाटायची. आता माझ्यापण बांगडीत दोन आहेत.

तिसरं गेट
माझा अनुभव फुसका. गेट पडलं की शेजारी रोज एक लुनावाले काका. मालगाडीचे डबे मोजायचे, मोठ्यानं. एकदा माझे ५८, त्यांचे ५९. गेट उघडलं, मागनं हॉर्न, तरी वाद चालूच. पुढं दिसले नाहीत. इंजिन धरून मोजत असतील, हे आत्ता सुचायलंय.

अथणीची सून
😂😂 इंजिन धरायचंच असतंय!

पुणेरी जावई
अंक कुठला ते सांगा की.

शहापूरकरीण
कव्हर फाटलंय, वाचनालयातला आहे. मंगळवारी परत देताना बघून सांगतो. कुकरची तिसरी शिट्टी झाली, आलो.