माशांना धोक्याचा ‘इशारा’ मिळतो की ‘सुगावा’ लागतो?

खानापूर तालुका, शिक्षिका
नमस्कार. आमच्या शाळेतली आठवीची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी एक तक्ता करताहेत. विषय त्यांनीच निवडला: एक मासा जखमी झाला की आजूबाजूचे मासे का पळतात? मलप्रभा शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे मुलांना मासे नवे नाहीत. पण मजकूर लिहायला बसलो आणि शब्दांवर अडलो.

गोष्ट अशी आहे. माशाची कातडी फाटली की तिच्यातल्या काही खास पेशी फुटतात आणि त्यांतला द्रव पाण्यात मिसळतो. जवळच्या माशांना तो जाणवला की ते सुसाट इकडेतिकडे धावतात, एकमेकांना बिलगतात, तळ गाठतात, नाहीतर जागच्या जागी निपचित राहतात. एका पुस्तकात याला ‘रासायनिक संकेत’ म्हटलंय, दुसऱ्यात ‘धोक्याचा इशारा’. एका मुलाने ‘भीतीचा वास’ असं लिहिलंय. त्या द्रवाला काय म्हणावं आणि माशांच्या त्या वागण्याला काय म्हणावं? मुलांच्या तोंडी बसेल असं काही सुचवा.

निपाणी, निवृत्त प्राध्यापक
बाई, ‘संकेत’ घेऊ नका. संकेत म्हणजे दोघांत आधी ठरलेली खूण. ‘संकेतस्थळ’ हा शब्द त्यातूनच आला. इथे कुणी कुणाशी काही ठरवलेलं नाही.

‘इशारा’ही चालणार नाही, आणि हे जरा सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण सगळी गोम इथेच आहे. हा शोध कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचा. मधमाश्यांचा नाच उलगडला म्हणून १९७३ साली लोरेंत्स आणि टिनबर्गन यांच्याबरोबर ज्यांना नोबेल मिळालं तेच हे. ते मिनो नावाच्या, बोटाएवढ्या माशांवर काम करत होते. मिनो कार्पच्या गोतातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा भाऊबंद. एक मासा ओळखू यावा म्हणून त्यांनी त्याच्या शेपटीजवळचा मज्जातंतू कापला (त्याने शेपटीकडचा भाग काळपट होतो) आणि त्याला पुन्हा थव्यात सोडलं. थोड्याच वेळात सगळा थवा बिथरला. मग त्यांनी नुसत्या कातडीचा अर्क पाण्यात घालून पाहिला, तरी मासे तसेच पळाले. हे त्यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलं. त्या द्रव्याला त्यांनी जर्मन नाव दिलं ‘श्रेकश्टोफ’. ‘श्रेक’ म्हणजे दचकवणारी भीती, ‘श्टोफ’ म्हणजे पदार्थ.

आता त्या पेशींकडे बघा. त्या कातडीच्या वरच्या थरात असतात, पण त्यांना बाहेर उघडणारं तोंडच नाही. तोटी नसलेलं भरलेलं मडकं जसं, फुटलं तरच आतलं बाहेर. मासा कितीही घाबरला तरी स्वतःहून तो द्रव सोडू शकत नाही. ज्याने इशारा दिला असं आपण म्हणणार, तो बहुतेक वेळा शिकाऱ्याच्या दातांत असतो. त्याच्या कातडीतून जे सांडलं त्यावरून बाकीचे काय ते समजतात. २००७ साली तर काही संशोधकांनी असंही मांडलं की या पेशी मुळात रोगजंतू, परजीवी आणि अतिनील किरणांपासून कातडी राखण्यासाठी असाव्यात, इतरांना सावध करण्यासाठी नव्हेत. मग ‘इशारा’ म्हणायचं कसं?

माझं मत ‘सुगावा’ला. सुगावा देणारा कुणी लागत नाही, तो ज्याला लागतो त्याला लागतो.

हुक्केरी, घटप्रभाकाठ
बाई, द्रवाचं सर सांगतील. वागण्याला आमच्याकडं एकच शब्द हाय, ‘बुजणं’. मासं बुजलं.

हिडकल धरणाच्या फुगवट्याला गळ टाकून बसणारे सगळे हेच बोलतात. काठाजवळ कणकेच्या गोळ्या टाकल्या की बारकी मासळी वर येते, पाण्यावर नुसती तोंडं उघडमीट करत असतात. त्यातला एखादा गळाला लागला, ओढताना त्याचं तोंड फाटलं आणि तो तुटून परत पाण्यात पडला, की बघा. आधी सगळी एका ठिकाणी गोळा होतात, मग गोळाच्या गोळा खाली जातो. वर नुसत्या गोळ्या तरंगत राहतात, शिवायला कोण नाही. म्हातारी माणसं म्हणतात, ‘बुजल्यात आता, उठा हितनं.’ आणि खरंच जागा बदलतात.

निपाणी, निवृत्त प्राध्यापक
दादा, तुम्ही जे क्रमाने सांगितलंत, गोळा होणं आणि मग खाली जाणं, तेच प्रयोगशाळेतल्या टाक्यांतही नोंदलं गेलंय. फक्त एक लक्षात ठेवू. तुमच्या जागेवर पाणी खळबळलं, दोरी हलली, माणसाची सावली पडली. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्याची थरथर टिपणारी रेघ असते, तिनेही ते बुजतात. म्हणून प्रयोगात शांत पाण्यात नळीने नुसता अर्क सोडतात. ‘बुजणं’ हा शब्द मला फार आवडला तो याचसाठी. कारण वास असो, सावली असो की आवाज, वागणं तेच. शब्द कारणाला बांधलेला नाही.

चिकोडी
‘बुजणं’ दोन आहेत, तक्त्यावर गोंधळ होऊ देऊ नका. बैल बुजला, घोडा बुजला, त्यावरून बुजगावणं आणि बुजरा. दुसरं म्हणजे भरून जाणं: विहीर बुजली, डोह गाळानं बुजला. ‘डोह बुजला’ असं लिहिलंत तर आमच्या गावचा माणूस गाळच समजणार. ‘डोहातले मासे बुजले’ असं लिहा. आणि ‘बुजरेपणा’ नको. बुजरं असणं हा स्वभाव, बुजणं ही त्या क्षणाची गोष्ट.

बेळगाव शहर, कानडी-मराठी दुभाषी
कानडीत हा फरक आयताच आहे. ‘एच्चरिके’ म्हणजे इशारा, ताकीद. ‘सुळिवु’ म्हणजे माग, धागा, सुगावा. चोराचा ‘सुळिवु सिक्कितु’ म्हणतात, तिथे चोराने काही कळवलेलं नसतं. बाई, तुमच्या प्रदर्शनाला कानडी शाळेतली मुलंही येतील. तक्त्यात खाली कानडी ओळ देणार असाल तर ‘सुळिवु’ घ्या, ‘एच्चरिके’ नको. ‘सुगावा’शी तो नेमका जुळतो.

‘चाहूल’ मात्र कुणी सुचवण्याआधीच बाजूला ठेवते. चाहूल कानाला लागते, पावलांची असते. पावसाची चाहूल म्हणतो ते पुढचं वळण. इथे मामला नाकाचा आहे.

खानापूर तालुका, शिक्षिका
नाकाचा की जिभेचा? पाण्यात विरघळलेली गोष्ट म्हणजे चवच नाही का? वर्गात हा प्रश्न हमखास येणार.

निपाणी, निवृत्त प्राध्यापक
नाकाचाच. बहुतेक माशांना डोळ्यांच्या पुढे दोन्ही बाजूंना छिद्रं असतात. पुढच्या छिद्रातून पाणी आत, मागच्यातून बाहेर, मध्ये वास टिपणाऱ्या पेशींच्या घड्या. श्वासाशी त्या नाकाचा संबंध नाही, ते फक्त वासासाठी. वासाची नस तोडलेले मासे कातडीच्या अर्काला दाद देत नाहीत. तेव्हा ‘वास’ बिनधास्त म्हणा.

बेळगाव शहर, कानडी-मराठी दुभाषी
मग एक शब्द पुढे करते. ‘गंधवार्ता’. आपण तो फक्त नकारात वापरतो: ‘मला त्याची गंधवार्ताही नव्हती.’ पण शब्द उघडून बघा, गंधाने कळलेली वार्ता. माशांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. ‘जखमी माशाची गंधवार्ता थव्याला लागली.’ मला तरी हे वाक्य कानाला खटकत नाही.

चिकोडी
खटकतं. गंधवार्ता ‘लागत’ नाही, ती फक्त ‘नसते’. आणि वार्ता आली की सांगणारा आला, म्हणजे पुन्हा इशाऱ्याच्या घरात.

बेळगाव शहर, कानडी-मराठी दुभाषी
वार्तेला सांगणारा लागतोच असं नाही. वार्ता पसरते. वासही पसरतो. मराठीने दोघांना एकच क्रियापद दिलंय. नकारात अडकलेला शब्द होकारात आणायला मुलांच्या तक्त्याइतकी चांगली जागा नाही, मुलांना तो जुना वाटत नाही.

निपाणी, निवृत्त प्राध्यापक
ताई, शब्द सुंदर आहे. मी तो शीर्षकाला देईन, व्याख्येला नाही. व्याख्येत ‘सुगावा’ राहू द्या.

आता त्या मुलाच्या ‘भीतीचा वास’बद्दल. तो कुणी खोडू नका, फक्त योग्य जागी लावा. जखमेतून जो वास येतो तो भीतीचा नाही, फाटलेल्या कातडीचा आहे. पण दुसराही एक प्रकार आहे. शिकारी नुसता मागे लागला, दात लागले नाहीत, तरी घाबरलेल्या माशाच्या अंगातून काही द्रव्यं पाण्यात जातात, लघवीवाटेही, आणि शेजारचे मासे सावध होतात. तो खरा ‘भीतीचा वास’. जखमेच्या वासापेक्षा त्याचा परिणाम सौम्य असतो.

तिसरा आहे तो शिकाऱ्याचा वास, आणि हा शिकावा लागतो. पाईक नावाचा परदेशी शिकारी मासा आहे, आपल्या मरळीसारखा दबा धरून बसणारा. ज्या मिनोने पाईक कधी पाहिलेला नाही तो त्याच्या वासाला दाद देत नाही. एकदा तो वास कातडीच्या अर्काबरोबर आला की पुढे पाईकचा नुसता वास पुरतो. शिवाय पाईकने मिनो खाल्लेले असतील तर त्यांचा मागमूस त्याच्या वासात उतरतो. काय खाल्लं ते लपत नाही.

आणि प्रतिसाद म्हणजे पळणंच असंही नाही. १९९२ साली दोन संशोधकांनी दाखवलं की पाईक असलेल्या तळ्यात क्रूशियन कार्प उंच अंगाचे वाढतात, गिळायला अवघड होतात. याला बुजणं म्हणता येणार नाही. इथे शब्द शोधत बसण्यापेक्षा सरळ वाक्यात सांगावं.

हुक्केरी, घटप्रभाकाठ
मरळीचं पटलं. मरळ असते त्या कोपऱ्यात बारकी मासळी दिसतच नाही.

पण सर, आता पैल्यासारखं मासं बुजत नाहीत असं काहीजण म्हणतात. पाण्यात औषधं उतरत्यात त्यामुळं असंल का?

निपाणी, निवृत्त प्राध्यापक
तुमच्या डोहाचं पाणी तपासल्याशिवाय तिथलं बोलता येत नाही. पण तांब्याबद्दल खात्रीने सांगता येतं. मोरचूद पाण्यात गेला की त्यातलं तांबं माशाच्या वास टिपणाऱ्या पेशी बधिर करतं, आणि त्याला फार मोठं प्रमाण लागत नाही. मासा मरत नाही, पोहतो, खातो, पण शेजारी फाडला गेला तरी त्याला कळत नाही. काही कीटकनाशकांचाही सॅमन नावाच्या परदेशी माशांवर असाच परिणाम दिसलाय. मला यात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हीच, की काठावरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. फवारणीचे पंप आणि बादल्या ओढ्यात धुवू नयेत, ही एक ओळ तक्त्यात हवीच.

चिकोडी
याला शब्द आहे. कोविडात घरोघरी म्हणत होते, ‘वास गेला’. माशाचाही वास गेला.

बेळगाव शहर, कानडी-मराठी दुभाषी
‘माशाचा वास गेला’ म्हटलं तर स्वयंपाकघरातला अर्थ निघेल! ‘माशाला वास येईनासा झाला’ असं लिहा.

द्रव्य नेमकं कोणतं ते कळलंय का, सर?

निपाणी, निवृत्त प्राध्यापक
एकच एक नाव नाही, बहुधा मिश्रण असावं. २०१२ साली सिंगापूरच्या संशोधकांनी झेब्राफिशवर काम करून कॉन्ड्रॉइटिन नावाच्या शर्करेचे तुकडे त्यात असल्याचं दाखवलं. कॉन्ड्रॉइटिन आपल्या कूर्चेतही असतं. मुलांना एवढं पुरे.

खानापूर तालुका, शिक्षिका
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना वाचून दाखवलं. शीर्षक ‘गंधवार्ता’ ठेवायचं त्यांनी हात वर करून ठरवलं. मजकूर असा झालाय:

‘माशाची कातडी फाटली की तिच्यातला द्रव पाण्यात मिसळतो. त्याच्या वासाने बाकीच्या माशांना धोक्याचा सुगावा लागतो आणि ते बुजतात: धावतात, एकत्र होतात, तळाला जातात. जखम न होताही घाबरलेल्या माशांकडून भीतीचा वास पसरतो. शिकाऱ्याचा वास मासे अनुभवाने ओळखायला शिकतात. पाण्यात मोरचूद किंवा काही कीटकनाशकं गेली तर माशांना वास येईनासा होतो. फवारणीचे पंप आणि बादल्या ओढ्यात, नदीत धुऊ नका.’

खाली ‘सुळिवु’ची कानडी ओळ येईल. ताई, ती तुम्ही लिहून पाठवाल का? आणि हुक्केरीच्या दादांना विचारायचं होतं: गोळा झालेल्या मासळीला तुमच्याकडे थवा म्हणतात की घोळका? मुलांनी ‘थवा’ लिहिलंय, पण एकजण म्हणतोय तो पाखरांचा असतो.

हुक्केरी, घटप्रभाकाठ
घोळका म्हणतो आम्ही. पण थवा लिहिला तरी कोण चुकीचं म्हणणार नाही.