दुलीपसिंगाला 'लाडावलेला पेन्शनर' म्हणणाऱ्यांसाठी

मुळाकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, "दुलीपसिंगाचं कसलं दुःख? पेन्शन, शिकार, व्हिक्टोरिया राणीचं कौतुक. उधळपट्टीने बुडाला." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांचा मुलगा, पाचव्या वर्षी लाहोरच्या गादीवर बसवलेलं पोर ते. ऑगस्ट 1847 मध्ये भर दरबारात इंग्रजांच्या मर्जीतल्या सरदार तेजसिंगाला टिळा लावायला त्याने नकार दिला. इंग्रजांनी खापर आईवर फोडलं आणि राणी जिंदनला लाहोरबाहेर शेखूपुऱ्याला कैदेत नेऊन ठेवलं. 29 मार्च 1849 ला राज्य लिहून घेतलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. कोहिनूरही त्याच कागदात. दहा वर्षांच्या मुलाच्या सहीवर आपल्याकडे गुंठाभर जमीन तरी नावावर होते का?

हिशोबनीस:
ते वाक्य माझंच, आणि मी ते मागे घेत नाही. वर्षाला चार ते पाच लाख, तेही तेव्हाचे! वर इंग्लंडातली एल्व्हडनची 17 हजार एकरांची इस्टेट. इंग्रज-शीखांच्या दोन युद्धांत मेलेल्या शिपायांच्या पोरांना कुणी काय दिलं? राजांसाठी रडायची आपल्याला सवय लागली आहे.

मुळाकाठ:
तहातलं पेन्शनचं कलम पुरतं वाचा. त्या रकमेत त्याचे नातलग आणि दरबारचे नोकरही धरले होते. एल्व्हडन कर्जावर घेतलेली.

कडकलक्ष्मी:
माझ्या वडिलांना सातव्या वर्षी दत्तक दिलं. वाडा मिळाला, बागायत मिळाली. सख्ख्या आईला जन्मभर 'काकू' म्हणावं लागलं. ती गेली तेव्हा ते मागच्या अंगणात एकटे उभे होते. त्यांना कुणी 'नशीबवान' म्हटलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हिशोबनीस:
ताई, दत्तकविधान आणि तह एका मापाने मोजू नका. आणि 1853 मध्ये ख्रिस्ती झाला, तेही दुसऱ्यांनीच केलं का?

कडकलक्ष्मी:
चौदा वर्षांचा मुलगा फत्तेगढला, पालक म्हणून डॉक्टर लॉगिन, आई पळून नेपाळात. त्याने विचारायचं कुणाला? तुम्हीच सांगा!

पंचवटीकर:
तुमचं चालू द्या, पण नाशिकचं कुणीच कसं बोलत नाही? राणी जिंदन 1863 मध्ये लंडनला वारली. तिथे तेव्हा दहनाची सोय नव्हती. मुलगा पुढच्या वर्षी देह घेऊन मुंबईला उतरला. पंजाबात पाऊल टाकायला बंदी, म्हणून दहन आमच्या गोदावरीकाठी झालं. 1924 मध्ये नात बंबा हिने अस्थी लाहोरला, रणजितसिंगांच्या समाधीपाशी नेल्या. माझं बालपण रामकुंडावर गेलं, शाळेत नाशिकचा इतिहास घोकला, पण हे मला चाळिशीत कळलं.

मुळाकाठ:
हे महत्त्वाचंच, पण धागा दुलीपसिंगाचा आहे.

पंचवटीकर:
मग मी कुणाचं बोलतोय? ताटातुटीनंतर चौदाएक वर्षांनी, 1861 मध्ये, कलकत्त्याला आई भेटली. तोवर तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. दोन-अडीच वर्षं जेमतेम सोबत, आणि मग हा प्रवास. 'विषयांतर' म्हणून हे बाजूला सारायचं?

हिशोबनीस:
नाशिकचं मला माहीत नव्हतं. आईला तिच्या मुलखात नेता आलं नाही, हे कुठल्याही पेन्शनने भरून निघत नाही. एवढं मान्य. पण 1886 मध्ये हिंदुस्थानात परत निघाला तो कर्जाने आणि भत्त्याच्या भांडणाने वैतागूनही. 'उधळा' हा शब्द राहू द्या.

मुळाकाठ:
वाटेत एडन बंदरात इंग्रजांनी उतरवून अडवला, तिथेच पुन्हा शीख झाला, 1893 मध्ये पॅरिसला वारला. पुरलं एल्व्हडनलाच. यात उधळेपण शोधायला मन धजतं कसं?

पंचवटीकर:
आमच्याकडे तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यानपिढ्या जपलेल्या आहेत. रविवारी दोन घरी विचारून येतो. 1864 ची वही निघाली तर इथे लिहीन.