मराठी प्रबंधाची संदर्भसूची: वर्ड पुरेसे आहे की झोटेरो घ्यावे?

धागाकर्ती:
नमस्कार. मी मराठी विषयात पीएच.डी. करीत असून प्रबंध वर्डमध्ये लिहीत आहे. सुमारे २५० संदर्भ जमले आहेत, त्यांतले निम्मे इंग्रजी आहेत, आणि मार्गदर्शकांना दोन्ही भाषांच्या सूच्या स्वतंत्र हव्या आहेत. शेवटच्या महिन्यात तळटिपा हाताने जुळवत बसण्याची वेळ येऊ नये, म्हणून आत्ताच साधन निवडावे म्हणते. आपला अनुभव काय?

प्रतिसाद १:
झोटेरो, म्हणजे संदर्भांच्या नोंदी ठेवून तळटिपा आणि सूची आपोआप तयार करणारे सॉफ्टवेअर, घ्यावे. वर्डमधली संदर्भांची सोय एखाद्या निबंधाला पुरते, प्रबंधाला नाही. झोटेरो विनामूल्य आहे, २००६ पासून चालू आहे, आणि वर्डप्रमाणेच लिब्रेऑफिसमध्येही चालते. खात्यावर ३०० एमबी जागा फुकट मिळते. ती पीडीएफ ठेवल्यासच भरते, नुसत्या नोंदींनी नाही.

मात्र झोटेरोला देवनागरी येते, मराठी सूचीचे संकेत येत नाहीत. संपूर्ण दस्तऐवजाला एकच भाषा लागू होते, त्यामुळे ती इंग्रजी ठेवली तर दोन मराठी लेखकांच्या नावांमध्येही रोमन ‘अँड’ येऊन बसतो. शिवाय भाषावार दोन सूच्या ते आपणहून करून देत नाही. यावर सोपी युक्ती अशी, की लेखन पूर्ण होईपर्यंत सूची एकत्रच राहू द्यावी आणि सर्वांत शेवटी फाइलची प्रत काढून त्या प्रतीतच संदर्भांचा झोटेरोशी असलेला दुवा तोडावा. वर्णक्रमात रोमन आणि देवनागरी नोंदींचे गट आपोआप वेगळे पडलेले असतात, म्हणून सूची एकाच ठिकाणी कापली की काम होते. मराठी भागातले ‘अँड’ मग एकगठ्ठा बदलता येतात. तळटिपांत ते एकेक पाहूनच बदलावे लागतात, त्याला इलाज नाही.

मूळ फाइल जपून ठेवावी. दुवा तोडलेल्या प्रतीत नवा संदर्भ घातला, तर सूची स्वतःहून सुधारत नाही.

प्रतिसाद २:
वरील सल्ल्याशी सहमत आहे. त्याच प्रतीत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ही पाहून घ्यावेत. भाषा इंग्रजी असताना क्षीरसागर हे आडनाव ‘क’च्या गटात येते, तर आपल्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे ते ‘ह’ आणि ‘ळ’ यांच्यानंतर यायला हवे. कोणता क्रम हवा, हे मार्गदर्शकांना आधीच विचारलेले बरे.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. माझी जुनी टिपणे युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. ती तशीच झोटेरोत चिकटवली तर चालेल का?

प्रतिसाद १:
अजिबात नाही. त्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे; त्यामुळे झोटेरोत नुसता गिचमिडकाला दिसेल आणि त्या नोंदी इंग्रजी गटात जाऊन पडतील. आधी परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि रफार व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत, कारण चुका बहुधा तिथेच राहतात.