क्रांतीला आधी तत्त्व लागते की उपासमार?

खारेपाटकर
महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली, हे आपण कोकणातले लोक अभिमानाने सांगतो, पण त्याचा अर्थ फारसा लावत नाही. चवदार तळ्याचे पाणी आजवर प्यायलो नाही म्हणून आपण मेलो नव्हतो, तळ्यावर जायचे ते आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. माझ्या मते क्रांती उभी राहते ती नेमकी इथे. हाल पिढ्यान्‌पिढ्या होतच असतात. ते दैवाने नव्हे, माणसाने केलेले आहेत हे समतेचे तत्त्व सांगते, तेव्हाच माणूस उठतो.

अलिबागकर
हे मला पटत नाही. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ खोतांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, जमिनी संप करून कसल्या नाहीत, त्यामागे फ्रान्स नव्हता, खंड होता, म्हणजे खोताला द्यावा लागणारा पिकाचा वाटा. माझी आजी सांगायची की भात झोडून झाले की खळ्यावर पहिली रास खोताची मापली जायची, आणि उधाणाने बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले त्या वर्षीही मापात सूट नसे. ज्याच्या कणगीचा तळ होळीआधीच दिसतो, त्याला अन्याय कळायला जाहीरनामा लागत नाही. फ्रान्समध्येही आधी जुलैत शेतकऱ्यांनी सरदारांच्या गढ्या पेटवल्या, मग ४ ऑगस्टच्या रात्री सभेने सरंजामी हक्क सोडले, आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा तर २६ ऑगस्टचा आहे.

खारेपाटकर
तारखांचा क्रम मान्य आहे. पण आजींच्या आधीच्या पिढ्याही तेच भात मापून देत होत्या. ‘खंड कमी करा’ ही विनवणी झाली. ‘खोतीच नको’ हे म्हणायला खोताचा हक्कच खोटा आहे अशी खात्री लागते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेले, ते या खात्रीवर.

दापोलीकर
एक दुरुस्ती आवश्यक आहे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे आंबेडकरांनीच १९५४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले होते, त्यामुळे महाडची तुलना ही उगमाची खूण मानता येत नाही. शिवाय तत्त्व मान्य होणे आणि अंमल होणे यांत मोठे अंतर असते: फ्रान्समध्ये सरंजामी देणी भरपाईशिवाय रद्द व्हायला जुलै १७९३ उजाडला, आणि आपल्याकडे खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा आहे.

अलिबागकर
अंमलाबद्दल एक आठवण सांगतो. संप मिटल्यानंतरच्या पहिल्या सुगीला आजीच्या सासऱ्यांनी खंड मापून दिला आणि खोताच्या माणसाकडे पावती मागितली. घरात त्याआधी कोणी पावती मागितली नव्हती. समता हा शब्द त्यांना ठाऊक होता का, हे आजीला सांगता आले नाही. पावती मात्र तिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती.